पायरीखालचा सभासद

चांदूर बाजारातून मोर्शीकडे निघा, परतवाड्याकडे निघा, नाहीतर अमरावतीकडे. गाव संपता संपता रस्त्याच्या कडेला गाळ्यांच्या रांगा दिसतात. संत्र्यानं दोन वर्षं हात दिला की माणूस एकतर विहीर खोल करतो, पोरीचं लग्न करतो, नाहीतर रस्त्यालगतच्या तुकड्यावर गाळे काढतो. खाली तीन-चार शटर, वर सपाट स्लॅब आणि पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून कॉलमच्या सळया आकाशाकडे सोडलेल्या. भाडेकरू मिळाला तर ठीक, नाही तर शटरच्या पट्ट्यांमध्ये धूळ भरत राहते. अशाच रिकाम्या तीन गाळ्यांचं आम्ही ऑफिस केलं. मी संत्रा उत्पादक शेतकऱ्यांच्या एका कंपनीची व्यवस्थापक. शिक्षण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं. बहाराचा ताण, डिंक्या रोग, फळगळ यांवर मी बोलू शकत होते; इमारतीचं जे काही कळलं ते या कामावर, मिस्त्री, वायरमन आणि सुतार यांच्या सोबत उभं राहून कळलं.

उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं आला. किमान दहा शेतकरी एकत्र आले की अशी कंपनी निघते. बाकी कंपन्यांमध्ये ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा; इथे एक शेतकरी सभासद, एक मत. कुणाचे दहा शेअर असोत की हजार, सभेत हात एकच वर होतो. ही गोष्ट आमच्या प्रत्येक सभेत सांगितली जायची, टाळ्याही मिळायच्या. पण ती भिंतीत, फरशीत आणि टेबलाच्या उंचीत उतरवायची असते, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं. तोवरचं आमचं ऑफिस म्हणजे एका संचालकांच्या घराची ओसरी आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी. सभासद वाढले, बँकेची आणि शासनाची तपासणी सुरू झाली, तेव्हा तालुक्याच्या गावात जागा घेणं भाग पडलं.

जागा ठरली आणि साफसफाई चालू असतानाच एक आजी आल्या. नवरा वारला होता, शेअर त्यांच्या नावावर करायचे होते. वारसाचे कागद पिशवीत घेऊन ऑटोनं आल्या आणि गाळ्यासमोर येऊन थांबल्या. चढायला चार पायऱ्या होत्या, प्रत्येक सहा इंचांची, कठडा नाही. आजींनी एक पाय वर ठेवून पाहिला, मग मागे घेतला.

"बाई, माह्याच्यानं चढनं होत नाई. कागद खालीच आन. आंगठा अठीच घे."

मी खाली गेले, ऑटोच्या सीटवर कागद ठेवून अंगठा घेतला. काम झालं. आजी समाधानानं गेल्याही. मला मात्र ते काम झालं असं वाटेना. कंपनीत त्यांचं आणि अध्यक्षांचं मत सारखंच मोजलं जाणार होतं, आणि कंपनीच्या दारात मात्र त्या पायरीखाली उभ्या होत्या. उन्हात. तहसीलमध्ये, बँकेत, खत दुकानात शेतकरी खाली, बाहेर, उभा राहतोच. तिथे तो नागरिक असतो, खातेदार असतो, गिऱ्हाईक असतो. इथे तो मालक होता. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या जागेतला प्रत्येक निर्णय त्या आजींच्या जागी उभं राहून घ्यायचा. आत बसणाऱ्यांचं त्यात आपोआप भागेल.

पायऱ्या एवढ्या उंच का, हे मिस्त्रींनी सांगितलं. रस्ता दर काही वर्षांनी डांबराचे थर चढवत वर येतो, नाल्या तुंबतात, आणि पावसाळ्यात पाणी गाळ्यात शिरतं. म्हणून नवीन बांधणारा जोतं दोन फूट उचलूनच घेतो. त्यात त्याची चूक नाही. जोतं खाली आणता येत नाही, तेव्हा माणसाला वर नेणारा उतार हवा. चाकाची खुर्ची स्वतःच्या बळावर चढवायची तर उताराचं प्रमाण एकास बारा लागतं: एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट. आमच्या इमारतीची रुंदीच सगळी मिळून तीस फुटांच्या आसपास. समोरून रॅम्प काढला असता तर दोन शटर झाकली गेली असती आणि मालकानं आम्हाला तिथेच निरोप दिला असता. बाजारात दुकानांपुढे दिसतात तसे चार-पाच फुटांचे तीव्र उतार मोटारसायकल चढवण्यासाठी असतात. त्यावरून म्हातारं माणूस चढताना धास्तावतं आणि उतरताना घसरतं.

इमारतीच्या उत्तरेला एक बोळ होता, विटांचे तुकडे आणि गवतानं भरलेला. मिस्त्रींनी टेप धरला, मी दुसरं टोक धरलं. भिंतीला लागून चोवीस फूट सरळ मिळत होते आणि वर चढल्यावर पाच फुटांचा सपाट कट्टाही. तिथे बाजूच्या भिंतीत नवा दरवाजा काढायचा. इमारत कॉलम-बीमची असल्यानं मधली भिंत केवळ विटांची भर होती. वरून लिंटेल टाकून ती उघडता येणार होती. मी लगेच काँक्रीट टाकायला निघाले होते. मिस्त्री म्हणाले,

"मॅडम, काळी माती हाये ही. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर ठेवलेलं काई थांबत नाई. आंधी तिले काढा, मंग रॅम्पचं बोलू."

वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला लागू नये, कारण कापसाच्या शेतात उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा आपण लहानपणापासून पाहतो. तीच भेग भिंतीखाली पडते तेव्हा भिंत तडकते. मग बोळातली काळी माती अडीच फूट खणून काढली. त्यात मुरूम थराथरानं भरला, प्रत्येक थराला पाणी मारलं, धुम्मस केली, पुन्हा मुरूम, वर दगडाचं सोलिंग आणि मग काँक्रीट. पाहणाऱ्यांना वाटे की एवढ्या रॅम्पसाठी हे काय पायाखोदाई! पुढचा पावसाळा आणि पुढचा उन्हाळा गेल्यावर त्याच रस्त्यावरच्या ओट्यांना भेगा पडल्या, रॅम्पला नाही. वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवला आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपाचा कठडा लावला, वरपासून खालपर्यंत अखंड, मध्ये कुठे हात सुटू नये असा. लहानपणीच दृष्टी गेलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आमच्याच तालुक्यातल्या माधानचे. माधानला आम्ही सगळे श्रद्धेनं जातो. त्या श्रद्धेला शोभेल असं काही आपल्या रोजच्या इमारतींमध्येही असावं, न दिसणाऱ्या माणसाच्या हाताला धरायला काही सापडावं, ही माझी इच्छा या कामातून घट्ट झाली.

रॅम्प बांधायचा तर आधी मालक राजी हवा. दुसऱ्याच्या जागेत पैसा पुरायचा की नाही, हा भाड्याच्या ऑफिसातला सर्वांत अवघड प्रश्न. आमचा पैसा म्हणजे सभासदांचं भागभांडवल. एकेका शेअरमागे कुणीतरी संत्र्याच्या क्रेट उचललेल्या आहेत. आम्ही खर्चाचे सरळ दोन भाग केले. जे इमारतीला चिकटून राहणार, म्हणजे रॅम्प, बाजूचा दरवाजा, शौचालय, अर्थिंगचे खड्डे, त्यातला वाटा मालकानं भाड्यातून वळता करायचा. जे उचलून नेता येतं, म्हणजे टेबलं, रॅक, कूलर, इन्व्हर्टर, बॅटऱ्या, ते आमचं. हे सगळं करारात यादी करून लिहिलं, आणि ठरावीक मुदतीपर्यंत जागा खाली करायला लावणार नाही हेही लिहिलं. तालुक्याच्या ठिकाणी असे करार बहुतेक वेळा स्टँप पेपरवर नोटरी करून संपतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. आमचे मालक सुरुवातीला बिचकले. नोंदणी त्यांच्याही हिताची आहे, उद्या आम्ही जागा अडवून बसलो तर हाच कागद त्यांच्या कामी येईल, हे समजावल्यावर ते स्वतः दुय्यम निबंधकांकडे आले.

रिकामी जागा कोणत्या वेळी पाहावी, याबद्दलही माझं मत आता पक्कं आहे. सकाळी दहाला कुठलीही इमारत चांगली दिसते. वऱ्हाडात जागा पाहायची तर मे महिन्यात दुपारी तीनला. पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि आमच्या गाळ्यांचं तोंड पश्चिमेला. शटरला हात लावला तर चटका बसायचा. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी तेच खाली सोडायचा. अशा जागेत आधी एसी आणि मग बाकी सगळं, असा विचार लोक करतात. आम्ही उलट क्रमानं गेलो. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा होता तो दुरुस्त करून त्यावर पांढरा उष्णतारोधक रंग दिला. समोर दहा फुटांची छपरी काढली, म्हणजे पश्चिमेचं ऊन शटरपर्यंत पोचेना, आणि येणाऱ्या माणसाला पाय ठेवताच सावली मिळाली. रॅम्पवर हिरवी जाळी बांधली, शेंदुरजनाघाटकडच्या नर्सऱ्यांमध्ये संत्र्याच्या कलमांवर बांधतात तीच. कलमाला जी सावली आपण आठवणीनं देतो, ती ते कलम लावणाऱ्याला द्यायला एवढे दिवस का लागले, हा विचार जाळी बांधताना मनात होता.

छत फॉल्स सीलिंगनं खाली आणायचं नाही, हाही निर्णय उन्हामुळेच झाला. गरम हवा वर जाते. तिला वर जायला जागा राहू द्यावी. एसी फक्त संगणक आणि रेकॉर्ड असलेल्या छोट्या खोलीला. मोठ्या हॉलला वाळ्याच्या ताट्या लावलेले दोन मोठे कूलर. वऱ्हाडचा उन्हाळा कोरडा असल्यानं इथे कूलर मनापासून काम करतो. पण त्याला समोरून खिडकी उघडी लागते. हवा आत येते तेवढीच बाहेर जायला हवी, नाहीतर खोली दमट होते, कागद मऊ पडतात आणि माणसं चिकट घामानं बेजार होतात. पूर्वेच्या भिंतीत उंचावर दोन झडपा काढल्या, आणि कूलरचं काम खरं तेव्हा सुरू झालं.

विजेचं काम सुरू झालं तेव्हा गाळ्यांमध्ये एकच सिंगल फेज मीटर आणि चार बल्बची वायरिंग होती. आम्ही कागदावर एकेका यंत्राचा भार लिहिला. संगणक, दीड टनाचा एसी, एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर, कूलर, लेझर प्रिंटर. लेझर प्रिंटर दिसायला लहान, पण कागदावर शाई भाजण्यासाठी तापतो तेव्हा एका झटक्यात बरीच वीज ओढतो. त्याला इन्व्हर्टरवर कधी जोडू नये, हे वायरमननं पहिल्याच दिवशी सांगितलं. महावितरणकडे थ्री फेज व्यावसायिक जोडणीचा अर्ज केला. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्लगना अडीचची, एसीला चारची. प्रत्येकाचा वेगळा एमसीबी, आणि सगळ्यांच्या वर तीस मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी. नेटवर्कच्या केबल विजेच्या वायरींपासून वेगळ्या पट्टीतून नेल्या. भाड्याची जागा असल्यानं भिंतींत खाचा मारण्यापेक्षा बहुतेक वायरिंग पट्टीतून वरवरच ठेवलं. पुढे टेबल हलवायचं तर भिंत फोडायला नको.

वायरमनचा जीव मात्र अर्थिंगमध्ये होता. मागच्या अंगणात त्यानं दोन खड्डे घेतले, एक सगळ्या इमारतीसाठी आणि एक केवळ संगणकांसाठी. प्लेट, तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नळी.

"उन्हाळ्यात माती फाटली का प्लेटले सोडते, ताई. मंग अर्थिंग नावालेच राह्यते. दर हप्त्याले पानी टाकसान त हे मशीन जगतीन."

मी त्याचा नियम भिंतीवर लिहून ठेवला. एप्रिल-मेमध्ये आमचा शिपाई बागेला पाणी द्यावं तसं त्या नळ्यांना पाणी देतो. कूलरच्या पाण्याजवळ, ओल्या हातानं, अनवाणी उभं राहून प्लग लावणारा माणूस आमच्याकडे रोज येतो. त्याच्या जिवाची हमी त्या दोन खड्ड्यांत आहे, म्हणून मला ते ऑफिसातल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

काम उरकण्याची घाई सगळ्यांनाच असते. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि मग भिंतींना तिच्यामागे धावावं लागतं. गच्चीच्या एका कोपऱ्यातून ओल उतरत होती. वरून पुट्टी आणि रंग मारून ती झाकता आली असती. उद्घाटनाच्या फोटोत भिंत स्वच्छ दिसली असती. मिस्त्रींनी ऐकलं नाही. गच्चीवर मातीचे बांध घालून दोन दिवस पाणी कोंडलं, गळती कुठून येते ते खडूनं खुणा करून पक्कं केलं, तो कोपरा फोडून पुन्हा बांधला. नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी, मग वाळायला वेळ, मग पुट्टी. संचालकांपैकी काहींची चुळबुळ सुरू झाली. मी त्यांना झाडाचंच उदाहरण दिलं: खोडाला डिंक्या लागलेला असताना वरून चुना फासला तर झाड वाचत नाही. त्यानंतर तारखेचा आग्रह कुणी धरला नाही.

फरशीवर सर्वांत लांब चर्चा झाली. अमरावतीहून आणलेले चकचकीत टाइल्सचे नमुने सगळ्यांना आवडले होते. माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र होतं. चकाकणारी फरशी दिसली की आमचा शेतकरी चपला बाहेर काढतो. पावसाळ्यात त्याच्या पायांना काळ्या मातीचा चिखल असतो, तो संकोचतो, दारातूनच डोकावून विचारतो, "साहेब हायेत का?" आणि काम अर्धवट सांगून परत फिरतो. फरशी अशी हवी की तिच्यावर चिखलाचा पाय ठेवताना मन अडखळणार नाही. शेवटी खरबरीत कोटा बसवला. पुसायला सोपा, ओला झाला तरी घसरत नाही, आणि ओरखडा पडला तर उठून दिसत नाही. रॅम्पच्या पायथ्याशी एक नळ आणि चिखल खरवडायला लोखंडी पट्टी जमिनीत रोवली. आता माणसं पाय धुतात, पट्टीवर चप्पल घासतात आणि चपलेसकट आत येतात.

लाकूडकाम करणारे सुतार परतवाड्याचे. मेळघाटच्या सागवानावर परतवाड्याच्या कितीतरी पिढ्यांचे हात चालले आहेत. त्यांच्या रंध्याचा आवाजच वेगळा. सगळं सागवानात करण्याएवढी आमची ऐपत नव्हती. कडा आणि पाय सागाचे, बाकी प्लाय. पाणी लागेल तिथे, म्हणजे माठाच्या कट्ट्यापाशी आणि बेसिनखाली, आयएस ७१० चा वॉटरप्रूफ प्लाय; कोरड्या जागी आयएस ३०३ चा साधा. शिक्का पाहिल्याशिवाय प्लाय उतरवून घ्यायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं.

काउंटर किती उंच करायचं, हे विचारल्यावर त्यांनी नेहमीचं माप सांगितलं: बेचाळीस इंच, वर काच, काचेला अर्धगोल खिडकी. बँकेत असतं तसं. मी त्यांना तीस इंचांचं सरळ टेबल करायला सांगितलं, दोन्ही बाजूंना सारख्या खुर्च्या, मध्ये काच नाही. बेचाळीस इंचांच्या काउंटरपुढे माणसाला उभंच राहावं लागतं. त्याचे कागद कुणीतरी वरून पाहतं, त्याला स्वतःला काय लिहिलंय ते दिसत नाही. तीस इंचांच्या टेबलावर कागद दोघांच्या मध्ये असतो. संगणकाचा पडदा अर्धा वळवला की सभासदाला आपलं खातं दिसतं. किती क्रेट गेल्या, काय भाव लागला, किती कपात झाली, हे तो बोट ठेवून विचारतो. ज्या विश्वासावर अशा कंपन्या उभ्या राहतात तो याच टेबलावर तयार होतो, असं मी अनुभवानं सांगू शकते.

मग केबिनचा विषय आला. अध्यक्षांसाठी काचेची केबिन, फिरती खुर्ची, मागे लाकडी पॅनेल, असं एक चित्र काही संचालकांच्या मनात होतं. त्यामागची भावना मला समजत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या केबिनबाहेर बसलेल्या माणसाला एकदा आपलीही केबिन असावी असं वाटतं, यात गैर काही नाही. पण नकाशात केबिन बसवली की महिलांचं शौचालय बाहेर पडत होतं. सभेत बराच वेळ बोलणं झालं. मी एवढंच मांडलं, की लांबच्या गावाहून आलेली सभासद बाई सकाळपासून पाणी न पिता बसते, कारण तिला जायला जागा नसते. उन्हाळ्यात त्यानं काय होतं हे प्रत्येक घरातल्या बाईला विचारा. केबिनचा निर्णय पूर्ण माझ्या मनासारखा झाला नाही. केबिन झाली, पण लहान, आणि तिच्यात सहा खुर्च्यांचं टेबल टाकून बैठकीची खोली म्हणून ती सगळ्यांना खुली ठेवायचं ठरलं. शौचालय मात्र झालं. दार रुंद, आत पकडायला दांडा, कडी आतून नीट लागणारी, आणि वरच्या टाकीतून चोवीस तास पाणी.

पिण्याच्या पाण्याचा माठ अगदी दाराशी ठेवला, सावलीत, त्याच्याजवळ दोन बाक. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. ऑफिसनं हा रिवाज मोडू नये. रेकॉर्डच्या खोलीत लोखंडी रॅक भिंतीपासून सहा इंच सोडून लावले, कारण आमच्याकडे उधई भिंतीतूनच चढते आणि सातबाऱ्याच्या गठ्ठ्याचं पीठ करून ठेवते. आगीसाठी दोन सिलिंडर टांगले, एक विद्युत आगीचं, आणि ते वापरायचं कसं ते शिपायापासून अध्यक्षांपर्यंत प्रत्येकाकडून हातात धरून करून घेतलं. मागचं शटर रोज सकाळी उघडायचंच, कपाट आड लावायचं नाही, असा नियम केला. एकच दार असलेली जागा अडचणीच्या वेळी सापळा होते.

शेवटचं काम पाटीचं आणि पत्त्याचं. कायद्यानं दुकान-आस्थापनांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. आमच्या पाटीवर दुसरी लिपीच नव्हती. दहापेक्षा कमी कामगार असल्यानं २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी न करता ऑनलाइन सूचना देऊन भागलं. पत्ता मात्र जपून लिहावा लागतो. आमच्याच जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे. आमचा पिनकोड ४४४७०४, त्यांचा ४४४९०४. मधला एकच आकडा वेगळा. त्यात आता अमरावती-नरखेड मार्गामुळे चांदूर बाजारलाही रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे बाहेरच्या माणसाचा घोळ वाढलाच. बॅटऱ्यांची एक खेप तिकडे जाऊन परत आली. तेव्हापासून पाटीवर, लेटरहेडवर आणि प्रत्येक ऑर्डरवर पिनकोडचे आकडे आम्ही ठळक छापतो, आणि सभासदांनाही शिकवतो. खताचं पार्सल भलत्या तालुक्यात गेलं तर बहार थांबत नाही.

आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्याआधी ऑफिस सुरू झालं. रॅम्पचा उपयोग कुणाला होतो, हे मी पहिल्या हंगामात लक्ष देऊन पाहिलं. काठी टेकत येणारे म्हातारे तर आलेच. कडेवर लेकरू असलेली बाई रॅम्पनं आली. फळांचे नमुने भरलेल्या क्रेट हातगाडीवरून आल्या, कागदाचे गठ्ठे आले, पाण्याचे जार आले. पायरी चढू शकणारेही बहुतेक रॅम्पनंच येतात, कारण तिकडे सावली आहे. समोरच्या पायऱ्या आता जवळजवळ ओस असतात. आणखी एक बदल वहीत दिसतो. पूर्वी बायकांच्या नावावरचे शेअर असले तरी कामाला नवरा, मुलगा किंवा दीर यायचा. आता सही करायला, हिशेब विचारायला त्या स्वतः येतात. सगळं श्रेय इमारतीला देणं बरोबर नाही. बचत गटांतून त्यांनी ते बळ आधीच कमावलं होतं. पण आल्यावर बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि जायला जागा असेल, ही खात्री त्या बळाला लागतेच.

आता आसपासच्या तालुक्यांतून नव्या कंपन्यांची माणसं आमचं ऑफिस पाहायला येतात, एसी कुठला घेतला, फर्निचर कुणाकडून केलं असं विचारतात. मी त्यांना आधी बोळात नेते, मग अर्थिंगच्या खड्ड्यांपाशी, मग गच्चीवर. खर्चाचा कागद दाखवते, करारातली यादी दाखवते. आणि एक विनंती करते: जागा घेण्याआधी तुमच्या सर्वांत वयस्कर सभासदाला, चालताना ज्याला त्रास होतो त्याला, आणि एका सभासद बाईला मे महिन्यातल्या दुपारी त्या जागेत बोलवा. तिघांना दारापासून टेबलापर्यंत येऊ द्या. जिथे ते थांबतील तिथे पहिला पैसा खर्च करा. ज्या संस्था शेतकऱ्याला मालक म्हणतात त्यांनी हे केलंच पाहिजे. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या नावानं सहकारी संस्था निघाल्या, बँका निघाल्या, योजनाही निघाल्या. त्यांतल्या कितीतरी जागी तो अजून ओळीत, उन्हात, पायरीखाली उभा आहे. त्याला आत आणायला चोवीस फूट मुरूम-काँक्रीट, तीस इंचांचं टेबल आणि दाराशी पाण्याचा माठ लागतो. हे कुठल्याही तालुक्याच्या ऐपतीत बसतं, आणि यातलं काहीही पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.